मातोश्रींचा जर्जरतांक

स्वस्ति श्री शालिवाहन शके १९२५, मार्गशीर्ष मासे, आणे-पठार-निवासी, संस्कृत-मराठी-उभयभाषा-धुरंधर, माध्यमिक विद्यालयाचे ज्येष्ठ (सहायक) अध्यापक, केंद्रस्तरीय शुद्धलेखन स्पर्धेचे दोन वेळचे परीक्षक, पर्यवेक्षकपदाचे अखंड उमेदवार, मातृसेवापरायण, आलस्यशत्रू, श्रीमान धर्माजी सोपानराव यांनी स्वहस्ते, स्वखुशीने व केवळ स्वतःच्या अवलोकनार्थ आरंभिलेली ही रोजनिशी. इतरांनी उघडू नये. विशेषतः सौ.ने.

२१ डिसेंबर २००३, रविवार

काल आळेफाट्यास ‘वार्धक्य, दुर्बलता आणि जीवनमान’ या विषयावर शिबिर. व्याख्यात्या पुण्याच्या. चहा पातळ, विचार घट्ट. समारोपास प्रत्येकाच्या हाती एक छापील फॉर्म : ‘आपल्या घरातील ज्येष्ठांची दुर्बलता मोजा.’ पाच कसोट्या. तीन वा अधिक ठिकाणी अनुत्तीर्ण झाल्यास व्यक्ती दुर्बल समजावी.

परतीच्या जीपमध्ये साक्षात्कार. घरात प्रत्यक्ष मातोश्री. प्रयागबाई, वय अठ्ठ्याहत्तर (अंदाजे). आजवर त्यांची एकही परीक्षा कोणी घेतलेली नाही. मी सत्तावीस वर्षे इतरांच्या मुलांच्या घेतो आहे.

संकल्प : उद्या मूल्यमापन. शिवाय परवापासून स्वतः पहाटे पाचला उठून बारा सूर्यनमस्कार.

२२ डिसेंबर, सायं. ५.३०

मूल्यमापन संपन्न. निकाल हृदयद्रावक.

कसोटी पहिली : खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठणे. ओसरीवर लोखंडी खुर्ची मांडली. मातोश्री बसेनात. म्हणाल्या, खुर्चीवर बसायला त्या काय तहसीलदार आहेत काय. मी फॉर्म दाखवला. तेव्हा त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या आणि आज्ञापालन म्हणून खुर्चीचा पाय धरून ठेवला. दहा मिनिटे वाट पाहिली. खुर्चीवरून एकदाही उठल्या नाहीत. शून्य.

कसोटी दुसरी : चार मीटर चालणे. अंगणात खडूच्या दोन रेघा. मध्यावर शेळी सुटलेली दिसली. तिला धरले, दावे बांधले, पाटीतला पाला पुढे केला, मग दुसरी रेघ. एक मिनिट बावन्न सेकंद. फॉर्मप्रमाणे आठ सेकंदांपलीकडे चिंताजनक.

तिसरी : हाताची पकड. माझा पंजा जोराने दाबण्यास सांगितले. जेमतेम दाबला. कारण विचारता ‘तुला दुखंल’ हे उत्तर. कारणांना गुण नसतात.

चौथी : मागील आठवड्यात थकवा जाणवला का? जाणवला म्हणाल्या. दोन दिवस हुलगा उपटत होत्या. होकारार्थी.

पाचवी : वजन घटले का? लग्नात जड होते म्हणाल्या. होकारार्थी.

पाचांपैकी पाचांत अनुत्तीर्ण. तांबड्या शाईने ‘अतिदुर्बल’ असा शेरा, खाली स्वाक्षरी, तारीख. फॉर्म देवघराशेजारी भिंतीस लावला. मातोश्रींनी काय लिहिले ते विचारले. मृदू शब्दांत सांगितले. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. वाचता येत नसूनही.

२३ डिसेंबर

विश्रांतियोजना लागू. मातोश्रींना शेळ्या बंद. चूल बंद. झाडलोट बंद. ओसरीवर खाट, दोन उशा, कांबळे. त्यांनी विरोध केला नाही. ‘तू शिकल्याला हायस. तू म्हंतोस तर आसंल,’ एवढेच. असा पालक शाळेत एकही नाही.

सूर्यनमस्कार : थंडीमुळे स्थगित. जाग ७.१०.

२६ डिसेंबर

सौ. कुरकुरते. शेळ्या तिच्याकडे, चूल तिच्याकडे. म्हणाली, तुमची योजना छान आहे, फक्त तिला हात नाहीत. दुर्लक्ष केले.

शेळ्या रात्रंदिवस ओरडतात. त्या मातोश्रींखेरीज कुणाला जुमानत नाहीत. अशिक्षित प्राणी.

३० डिसेंबर

मातोश्री अत्यंत शांत. पूर्वी सकाळपासून बोलणे चाले : कोंबडीशी, चुलीशी, शेजारच्या गेणभाऊशी. आता दिवसाकाठी चार-पाच वाक्ये. विश्रांती मुरत आहे.

सूर्यनमस्कार : एक. तोही खाली जाण्यापर्यंतचा. वर येण्याचा भाग उद्या.

३ जानेवारी २००४

अद्भुत. मातोश्रींमध्ये अपरिग्रहवृत्ती जागृत! काल चांदीच्या बांगड्या नात श्रेयाला दिल्या. आज नऊवारीची गाठोडी सोडून दोन बऱ्या साड्या सौ.ला काढून दिल्या, एक जुनी स्वतःच्या उशाखाली ठेवली. दुपारी सौ.ला बोलावून आपली काटवट दिली.

ही काटवट म्हणजे सागाची, भाकरीचे पीठ मळण्याची, लग्नात माहेराहून आलेली. गावच्या यात्रेला आमटीच्या मोठमोठ्या कढया चढतात आणि भाकरी घराघरांतून जाते. मातोश्री साठ वर्षे या काटवटीतून यात्रेच्या भाकरी थापत आल्या. कुणाला हात लावू देत नसत. मी लहानपणी तीत बसलो म्हणून मार खाल्ला आहे.

सौ. काटवट घेऊन माजघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आनंद झाला असावा.

७ जानेवारी

मातोश्री अर्धी भाकरी खातात. न्हाणीपर्यंत जाताना श्रेयाचा खांदा धरतात. वाटेत थांबतात. यावरून सिद्ध झाले की फॉर्मचे निदान अचूक होते. शिबिराच्या व्याख्यात्यांना अभिनंदनपत्र लिहावे. मसुदा तयार : ‘महोदया, आपल्या कसोट्यांचे भविष्यसूचक सामर्थ्य पाहून...’

श्रेया विचारते, आजी बरी होती तेव्हा का नाही थांबायची. बारा वर्षांची आहे. तर्कशास्त्र शिकवायला हवे.

१० जानेवारी, सकाळी ९

गेणभाऊ आले. वय पंचाहत्तर, मुखात तंबाखू, विनय नाही. खाटेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मला गोठ्याकडे घेऊन गेले.

“मास्तर, म्हातारी मला इचारत व्हती, त्या कागदावं किती दिवस लिवल्यात म्हनून.”

मी म्हणालो, फॉर्ममध्ये दिवसांचा रकानाच नाही.

“मंग ती मराया का टेकलीय?”

मी त्यांना समजावले की दुर्बलता ही एक शास्त्रीय संकल्पना आहे, मृत्यूशी तिचा संबंध सांख्यिकीय स्वरूपाचा असतो. गेणभाऊंनी थुंकून ऐकले. मग म्हणाले, राव, तिला वाटतंय तू लेक म्हणून सांगत नाहीस, पण कागदावर लिहून ठेवलंय. साड्या उगाच वाटल्या नाहीत तिने. उशाखालची कुठली, ते तरी ओळखलंस का?

दुपारी हळूच पाहिली. वडील गेले त्या वर्षी मामांनी नेसवलेली. ‘जाताना अंगावर हीच’ असे मातोश्री तेव्हापासून म्हणत.

जेवण गेले नाही. वांग्यात मीठ जास्त होते.

१२ जानेवारी, सोमवार

अर्धी रजा टाकून मातोश्रींना आळेफाट्यास डॉक्टरांकडे नेले. हा निर्णय पूर्णतः माझा. सौ. केवळ जीप ठरवून, मातोश्रींना तयार करून, माझ्या हातात पिशवी देऊन दारात उभी होती.

दवाखान्यात बाक. मातोश्री नेहमीप्रमाणे बाकाशेजारी, जमिनीवर. नाव पुकारल्यावर एक हात गुडघ्यावर ठेवून उठल्या. किंचित झोकांडी गेली, सावरल्या. माझी पिशवी उचलायला वाकल्या. डॉक्टर दारातून हे पाहत होते.

तपासणी सविस्तर. मग मी फॉर्म सादर केला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. विचारले, घरात खुर्चीवर कोण बसते? म्हणालो, मी. आई कशावर बसतात? म्हणालो, जमिनीवर. दिवसातून किती वेळा उठतात-बसतात? मोजले नव्हते. फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता.

“रोग काही नाही,” ते म्हणाले. “तीन आठवडे झोपवून मांड्यांतली ताकद घालवलीत. हे वयानं नाही, सर, तुम्ही केलंय.”

आणखी पंधरा दिवस असेच ठेवले तर कागद खरा होईल, असेही म्हणाले. डॉक्टर तरुण आहेत. अनुभवाने भाषा मऊ होईल.

मग त्यांनी मला जमिनीवर बसून आधाराविना उठून दाखवण्यास सांगितले. मी का, असे विचारले. सहज, म्हणाले. बसलो. बसणे उत्कृष्ट झाले. उठण्याचा पहिला प्रयत्न पँट घट्ट असल्यामुळे फसला. दुसरा फरशी गुळगुळीत असल्यामुळे. तिसऱ्यात टेबलाचा पाय धरला असता डॉक्टर ‘आधार’ असे म्हणाले. शेवटी मातोश्रींनी हात पुढे केला. पकड जबरदस्त होती. अंगठ्यापाशी अद्याप दुखते.

बी.पी. माझेही पाहिले. आकडा येथे नोंदवत नाही.

१३ जानेवारी

सकाळी मातोश्रींना जाहीर केले : आपण निरोगी आहात, शेळ्या आपल्या, चूल आपली, यात्रा चार दिवसांवर आहे, भाकरीचे पाहावे.

त्या खाटेवरून हलल्या नाहीत.

मी पुन्हा, सोप्या मराठीत सांगितले. डॉक्टरांचे शब्द उद्धृत केले (माझ्यासंबंधीचे वगळून). मातोश्रींनी देवघराकडे बोट केले. दवाखान्यातून आल्यावर सवयीने मी फॉर्म पुन्हा तेथेच लावला होता.

“डाक्टर तोंडानं बोलला. तुजं लिव्हल्यालं हाय.”

मी म्हणालो, त्याचा अर्थ आता तसा राहिलेला नाही.

“मंग खोड.”

येथे नोंदवणे आवश्यक आहे की सत्तावीस वर्षांत दिलेला गुण मी कधी बदललेला नाही. बेल्ह्याहून एक पालक दोन गुणांसाठी तीन वेळा आला. तिन्ही वेळा पायरीवरून परत गेला. परीक्षक डळमळला तर विद्या डळमळते. मी मध्यममार्ग सुचवला : ‘पुनर्विचाराधीन’ असा शेरा जोडतो. मातोश्रींनी मान फिरवली. कांबळे ओढून भिंतीकडे तोंड केले.

सौ. माजघराच्या दारात उभी. श्रेया दप्तर घेऊन उभी. गेणभाऊ कुंपणापलीकडे कारणाविना उभे. श्रेयाने माझ्या खिशातला तांबडा पेन काढून टोपण उघडून हातात दिला. शाळेत हिला कोणी हे शिकवलेले नाही.

खोडले. ‘अतिदुर्बल’ यावर दोन समांतर रेषा. खाली लिहिले : ‘परीक्षकाची चूक. विद्यार्थिनी उत्तीर्ण.’ स्वाक्षरी. तारीख. मध्ये पेन दोनदा झटकावा लागला. थंडीत शाई घट्ट होते.

श्रेयाने मोठ्याने वाचून दाखवले. मातोश्रींनी तिला पुन्हा वाचायला लावले. मग उठून बसल्या, पाय खाली सोडले आणि सौ.ला हाक मारली.

“काटवट दे गं माजी. मेल्यावं घे.”

सौ. हसली. डोळ्यांना पदर लावला. चुलीचा धूर असावा. चूल पेटली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

तात्पर्य : मी वेळीच केलेल्या हस्तक्षेपामुळे प्रकरण मार्गी लागले.

१५ जानेवारी

मातोश्री अंगणात चार फेऱ्या मारतात आणि बसतात. पुन्हा चार. पाय पूर्वीसारखे नाहीत. ओट्याची पायरी भिंत धरून चढतात. शेळ्या गप्प. गेणभाऊंशी बोलणे सुरू, विषय बहुतांशी मी. उशाखालची साडी आज ट्रंकेत गेली.

दुपारी पीठ मळून पाहिले. दहा भाकऱ्यांनंतर दंड भरून आले म्हणाल्या. दरवर्षी शंभराच्या पुढे जात. मी म्हणालो, यंदा सौ. थापेल. माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की मी पंचांग उघडून वाचू लागलो.

संकल्प : जमिनीवरून आधाराविना उठण्याचा गुप्त सराव. उद्यापासून, देवघरात, दार लावून. डॉक्टरांना पुढील भेटीत दाखवू.

१६ जानेवारी, सकाळी ७.४५ (सौ.च्या हस्ताक्षरात, मी सांगतो आहे)

सराव झाला. दोन वेळा उठलो. तिसऱ्या वेळी अर्धा उठलो. कमरेत उसण भरली. उरलेला अर्धा भाग गेणभाऊ व श्रेया यांनी पूर्ण केला. खाटेवर आहे. सौ. म्हणते, हेही लिहू का की ओरडलात. लिहू नये.

१७ जानेवारी, यात्रा, सकाळी ११.४०

मातोश्री पहाटेपासून चुलीपुढे. ओसरीवरच्या खाटेवरून थापण्याचा आवाज ऐकत होतो. मध्येच थांबे. मी मोजत असे. मग पुन्हा सुरू होई. एकूण छपन्न. शेवटच्या दहा सौ.ने थापल्या असे सौ. म्हणते, मातोश्री म्हणतात चार. वाद मिटला नाही. दोघी वाद घालत, पाटी मध्ये धरून, दर पंचवीस पावलांवर टेकत निघाल्या. श्रेया मागे बांगड्या वाजवत. त्या परत मागितल्या गेलेल्या नाहीत.

जाताना मातोश्रींनी माझ्या कमरेला तेल लावून, कांबळे घालून, बजावले : उठू नको, कशाला हात लावू नको, पडून राहा, तुला आराम हवा. आमटी आणीन.

आमटीचा वास येथपर्यंत येतो आहे. संपूर्ण गाव तेथे आहे, गेणभाऊंसह. तक्रार नाही. केवळ एवढेच की खाट अशी लावली आहे की ऊन सरळ डोळ्यांवर येते. सव्वा अकरापासून येत आहे. कांबळे वर ओढले तर पाय उघडे पडतात. खाट हातभर सरकवली की प्रश्न मिटतो. दोन हाका मारल्या. शेळीने मान वर केली आणि पुन्हा पाला खाऊ लागली. ऊन आता चष्म्यावर आले आहे. अक्षरे दिसत नाहीत, म्हणून येथेच थांबतो.