मरळ दीड इंच आखडली

गिरगाव, मुंबई
फेब्रुवारी १९५६

प्रिय चिंतामणराव यांस कमलाकांतचा सप्रेम नमस्कार.

कर्जतची थंडी ओसरली असेल आणि तिच्याबरोबर तुमचा खोकलाही गेला असेल. (अडुळशाच्या काढ्यात साखर घालू नये. तुम्ही घालता, हे तुमच्या बहिणीकडून कळलं.) वहिनींना नमस्कार. इकडे आम्ही सुखरूप आहोत. गेल्या महिन्यात या शहरात जे झालं ते तुम्ही वाचलंच आहे. त्यावर लिहायला हात चालत नाही. लिहितो आहे ते मरळीबद्दल, कारण येत्या रविवारी वाचनालयात तिच्यावर माझं व्याख्यान आहे आणि माझी अब्रू पणाला लागली आहे.

दिवाळीत तुम्ही उल्हास नदीतली जिवंत मरळ दिलीत, ती मी खायला घेतली नव्हती. नदीचा मासा घरात किती वाढतो आणि अंगानं कसा राहतो, हे मला पाहायचं होतं. मी कॉलेजात गेलेलो नाही, गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवतो. पण या विषयावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून पुरं केलं आहे. (परिशिष्टासकट.) लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत घ्यायची. शेपटी झिजते, फाटते, म्हणून ती धरायची नाही. जे धरतात त्यांच्याविषयी मी बोलत नाही. मग ओल्या मलमलीत गुंडाळून वजन, आणि त्यातून ओल्या मलमलीचं वजन वजा. (कोरड्या नव्हे.) लांबी दुप्पट झाली तर वजन आठपट व्हायला हवं, कमी भरलं तर मासा खंगला, जास्त भरलं तर त्यानं अंग धरलं, एवढं साधं गणित आहे. मागच्या गॅलरीतल्या घंगाळात, वर फळी आणि फळीवर वरवंटा (मरळ उडी मारते), असा दर रविवारचा माझा नेम होता.

संक्रांतीला आमचे जावई मनमोहनराव शकूला घेऊन माहीमहून आले. लग्नानंतरची पहिली संक्रांत. दुसऱ्याच दिवशी शहर पेटलं, कर्फ्यू लागला आणि दोघं आमच्याकडे अडकली. बाजार बंद, कोळणी बंद. आपल्या प्रभूंच्या घरात पहिल्या सणाला आलेला जावई, आणि ताटात मासळी नाही! एक दिवस अंडी झाली, मग बटाटे. मनमोहनराव चांगले आहेत, बटाट्याकडे पाहून नुसते हसले. त्या हसण्यानं तुमची बहीण सुमती दिवसभर चुलीपाशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पानात माशाचं भुजणं! वरच्या मजल्यावरच्या कौसल्याबाईंनी पाठवलं, असं सुमती म्हणाली. मी दोन तुकड्या घेतल्या आणि खाडीच्या मासळीला ही चव नाही, असा अभिप्रायही दिला.

त्या दिवसांत मोजणी राहिली. शहर शांत झाल्यावर तुम्ही खुशाली पाहायला आलात, हातात झाकलेली कळशी. ताईला पचायला हलकं म्हणून कर्जतच्या विहिरीचं पाणी आणलंय, असं तुम्ही म्हणालात. पुढच्या रविवारी मरळ मोजली, तर दीड इंचानं आखूड.

चिंतामणराव, मी तीनदा मोजलं. पट्टी बदलली. मग मला सुचलं की म्युनिसिपालटीच्या पाण्यात नदीचा मासा आखडत असावा. असं आजवर कुणी लिहिलेलं नाही. (का लिहिलं नाही, हे आता कळतं.) वाचनालयाचे चिटणीस गंगाधरपंत, बी.एस्सी., मला तोंडावर ‘स्वयंभू शास्त्रज्ञ’ म्हणतात. त्यांना मी हे ऐकवलं आणि त्यांनी लगेच फळ्यावर व्याख्यान लावलं.

काल चित्र काढायला म्हणून मरळीचे खवले मोजले. मासा वाढला तर खवला मोठा होतो, खवल्यांची संख्या बदलत नाही. दिवाळीत मी काढलेल्या चित्रातल्यापेक्षा चार कमी भरले. जिन्यात कौसल्याबाई भेटल्या, त्यांना भुजण्याबद्दल धन्यवाद दिले. त्या म्हणाल्या, आम्ही आठवडाभर डाळभातावर होतो, भावजी.

घरी आलो तर सुमती घंगाळापाशी बसून मरळीला कोलीम-जवळा चारत होती. तिला माझी चाहूल लागली नाही. हलक्या आवाजात म्हणत होती, "खा ग बाई, लवकर वाढ. त्यांची अब्रू तुझ्या हातात आहे."

माशाला हात नसतात, हे मी सांगितलं नाही. तसाच जिन्यापर्यंत परत गेलो आणि खाकरत वर आलो.

आता खरं सांगावं, तर जावयाला प्रयोग खाऊ घातला म्हणून माहीमचे व्याही शकूला जन्मभर चिडवतील, आणि सुमती पुन्हा मान वर करायची नाही. खोटा सिद्धान्त मांडणं तर माझ्याच्यानं होणार नाही. तेव्हा उभं राहून सांगेन की मासा आखडत नाही, मोजण्यात माझी चूक झाली. खवले आधी मोजायला हवे होते, तेवढी चूक खरीच आहे. गंगाधरपंत हसतील. हसोत.

आपला,
कमलाकांत

ता. क. सुमतीला यातलं काही कळू देऊ नये. ती चाळीतल्या सगळ्यांना रविवारचं बोलावणं करून आली आहे.

ता. क. दुसरा. तुम्ही रविवारी नक्की या आणि पहिल्या रांगेत तिच्या शेजारी बसा. मी चूक माझी म्हणालो, की ती उभी राहून खरं सांगायला लागेल; ओळखतो मी तिला. तिला खाली बसवणं तुमच्याकडे.