पास्कू शेवटी उठतो का

३० ऑक्टोबर, गुरुवार

रविवार ९ ता.च्या भाषणाचा कच्चा मसुदा:

"काटा मंडळाच्या मित्रमैत्रिणींनो, भयकथा वाचता म्हणून ज्यांची घरात थट्टा होते त्या सगळ्यांनो. संमेलनात आपल्याला परिसंवाद नाही. ग्रंथालयात कपाट नाही, आपली पुस्तकं पाककृती आणि बालविभाग यांच्यामध्ये दाटीवाटीने उभी, निम्म्यांचं शेवटचं पान गायब. ज्या सिनेमांवर आपण वाढलो ते व्हिडिओ पार्लरवाल्यांनी भंगारात घातले. का, तर म्हणे भीती ही हलकी भावना. मी म्हणते, एखादं गाव कशाला घाबरतं ते मला सांगा, त्या गावाचा इतिहास मी तुम्हाला सांगते."

शेवटचं वाक्य नाटकी आहे. राहू दे, टाळी येते.

'ओलं थडगं' हा जुना भयपट सापडला. पस्तीसेक वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याने आमच्या गास गावात काढलेला. एकेकाळी वसई-विरारभर कॅसेट भाड्याने फिरायची. आता एकच उरली आहे, अर्नाळ्याला. त्यातलं प्रेत म्हणजे माझा धाकटा भाऊ पास्कू. तेव्हा बावीसचा.

पास्कू १० ला दाखल होतोय, ११ ला बायपास. म्हणाला, "बाय, माझा एकच सिनेमा. ९ ला दाखव, बघून जातो."

१ नोव्हेंबर, शनिवार

अर्नाळ्याहून कॅसेट आणली. तिथल्या हरेश्वरभाऊंनी ती बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती, डब्याशेजारी सुके बोंबील. पिशवीला अजून वास आहे.

विचारलं, शेवट काय आहे हो. मला तो का आठवत नाही कळत नाही.

"टीचर, आमच्याकडं कोनी शेवटपर्यंत पाहिलाच नाय. गाडायचा सीन आला की आई बंद करायची. घरात मयत दाखवायची नाय म्हनायची."

नालासोपाऱ्याला नीलेशच्या स्टुडिओत कॉपीसाठी दिली.

२ नोव्हेंबर, रविवार. मृतांचा दिन

कबरस्तानात सगळं गाव. आईच्या कबरीवर मेणबत्त्या लावताना पास्कूला धाप लागली, कठड्यावर बसला. मी बघितलं, त्याने बघितलं की मी बघितलं.

आईला तो सिनेमा कधीच चालला नाही. शूटिंगसाठी देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, मरणघंटा खरी वाजवली होती. वाडीतली माणसं कामं टाकून फुलं घेऊन धावत आली, आणि पास्कू पेटीत उठून बसून वडापाव खात होता. आई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. आम्ही हसायचो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायला हात होत नाहीये. तरी लिहिते.

सकाळी खेळाची जाहिरात केली. आमच्याकडे कोणी गेलं की गावाच्या ग्रुपवर जसं कळवतात अगदी तशी: काळी चौकट, क्रूस, पेटीतल्या पास्कूचा फोटो, "रविवार दि. ९, दुपारी ४ वा., सभागृह." खाली लहान अक्षरांत 'ओलं थडगं'. स्वतःवर खूश होते. मीच शिकवते ना मंडळाला, भूत शेवटच्या पानावर आलं तर ती नुसती गोष्ट, पहिल्या पानावर शेजारीण होऊन साखर मागायला आलं तर ती भयकथा.

मंडळाच्या ग्रुपवर टाकली. तिथून कोणीतरी गावाच्या ग्रुपवर. खालची ओळ कापली गेली. पास्कू आजारी आहे हे सगळ्यांना माहीत, त्यात परवाच मृतांचा दिन झालेला. तरुणपणीचा फोटो लावायची आपल्याकडे पद्धतच आहे.

अकरापर्यंत "चिरशांती लाभो"ची रांग. बाराला दोन बायका फुलं घेऊन त्याच्या दारात. दार उघडलं पास्कूनेच. एक खालीच बसली.

तो हसत होता म्हणे. "फुलं तिकडे ठेवा. पण मयताच्या घरी शेजाऱ्यांनी पेज आणायची असते. पेज कुठंय?"

मी ग्रुपवर माफी मागितली. दोनदा. जाऊन त्याचीही. म्हणाला, सोड, मजा आली.

५ नोव्हेंबर, बुधवार

मजा संपली. सकाळपासून मोबाइल घेऊन बसलाय. एकेक संदेश वाचतो, परत वरून सुरू करतो.

"बाय, हे बघ, बावखलात बुडताना वाचवलं होतं मी याला. मला आठवतही नाही. त्याने लिहिलंय."

मग अगदी साधेपणाने म्हणाला, "सगळ्यांनी निरोप दिला. चांगला दिला. आता टेबलावर जाऊन पुन्हा कशाला त्रास द्यायचा लोकांना."

दवाखान्यात जाणार नाही म्हणतो.

त्याची बायको रेजिना स्वयंपाकघरात मला हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही व्यासपीठावर उभ्या राहिलात की दगड डोलतात. आता तुमच्या भावाला हलवा. तुम्हीच बसवलंय त्याला त्या पेटीत." तिची भावजयपणाची मर्यादा पहिल्यांदा सुटली. बरोबर सुटली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तासभर बोलले. योगायोग म्हणजे काय, भीती शरीरात कुठून येते, डॉक्टरांनी थांबू नका असं का सांगितलंय. तीस वर्षं गावोगाव हेच बोलत आले, भूत मानू नका, भुताच्या गोष्टी वाचा. अंगारे-धुपारे, मुठी, करण्या, सगळ्यांना अंगावर घेतलं.

पास्कूने नीट ऐकलं. "भाषण चांगलं झालं," म्हणाला. मग, "बाय, शेवटी मी उठतो का?"

त्याला माहीत नाही. पेटीचं झाकण लावेपर्यंत तो होता, "उठायचं नंतर घेऊ" असं व्हिडिओवाला म्हणाला होता. नंतर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर काहीतरी चित्रीकरण झालं, पाठमोरं चालणं वगैरे. ते त्याला घेऊन झालं की दुसऱ्या कुणाला, आठवत नाही. सिनेमा त्यानेही पुरा पाहिलेला नाही, आईमुळे.

"उठत असेन तर सोमवारी जातो. तुझी शपथ."

मी बरं म्हटलं. काय मान्य करून बसले ते रस्त्यावर आल्यावर कळलं. माझ्या भावाचं काळीज एका तिसऱ्या दर्जाच्या व्हिडिओपटाच्या शेवटावर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी स्टुडिओत पाहिला.

तिसऱ्या दर्जाचा नाही. हे लिहायलाच हवं. व्हिडिओवाल्याला काहीतरी कळलेलं होतं. बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, काठी पाठमोऱ्या बायका कपडे धुताहेत, कॅमेरा हलतच नाही, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की एकीचे हात केव्हाचे थांबलेत. बास. रक्त नाही, किंकाळी नाही. इतकी वर्षं मी मंडळाला हेच शोधा म्हणत आले, आणि ते आमच्याच वाडीत होतं.

मग पेटी. पास्कूचा चेहरा, गालावर माशी बसते, तो हलत नाही. झाकण. पहिली माती.

आणि तिथून पडद्यावर नुसत्या पांढऱ्या मुंग्या. टेपला बुरशी, नीलेश म्हणाला. चित्र गेलं पण आवाज चालू राहिला. फावडं. फावडं. मग बराच वेळ काही नाही. मग लाकडावर आतून काहीतरी, एकदाच. की बाहेरून? पाच वेळा ऐकलं.

नीलेश म्हणाला, "टीचर, टेन्शन कशाला घेता? एआयवर उठवून देतो की. पाच मिनिटांत." मी नको म्हणायच्या आत त्याने करून दाखवलं.

उठला. बावीसचा पास्कू पेटीत उठून बसला आणि माझ्याकडे बघून हसला. दात जास्त होते. नजर माझ्यावर होती, पण ओळख नव्हती. वाचलेल्या सगळ्या भयकथांत असं काही मला भेटलं नाही.

पुसायला लावलं, माझ्यासमोर. खोटं उठवलेलं माणूस मी भावाला दाखवणार नाही.

घरी मात्र सांगितलं, कॉपी अजून व्हायचीय. म्हणजे खोटं बोललेच.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पास्कूकडे. दवाखान्याची बॅग दाराशी भरून ठेवलेली, तिच्याकडे पाठ करून बसतो. आज जिना चढला नाही, खालीच पलंग टाकलाय. ओठ मला निळसर वाटले. रेजिनाला विचारायची हिंमत झाली नाही. सोमवार चुकला तर पुढची तारीख कधी ते दवाखाना सांगत नाही.

गावात विचारत फिरले. जूचंद्र गावच्या मंडळाच्या एका जुन्या सभासदाला फोन केला. एकजण छातीठोकपणे म्हणतो उठतो, एक म्हणते फक्त हात वर येतो, तिसरा म्हणतो कोणीच उठत नाही, नुसती माती ओली होत जाते, म्हणून तर ते नाव. शेवटचंच खरं वाटतं. मी दिग्दर्शक असते तर तोच शेवट केला असता. हे पास्कूला सांगू शकत नाही.

दुपारी मसुदा फाडला. त्याऐवजी दोन्ही ग्रुपवर हे पाठवलं, इथं उतरवून ठेवते:

"काटा मंडळाच्या मित्रांनो, आणि मंगळवारी माझ्या चुकीमुळे ज्यांनी 'चिरशांती' लिहिली त्या सगळ्या गावकऱ्यांनो. पास्कू जिवंत आहे. त्याला सोमवारी दवाखान्यात जायचंय आणि तो जायला तयार नाही. 'ओलं थडगं' शेवटी कसा संपतो ते पाहिल्याशिवाय उठणार नाही म्हणतो. तुम्ही म्हणाल, टीचर, हे तुम्ही बोलताय? हो, मीच बोलतेय. आमच्या कॅसेटचा शेवट गेलाय. शेवट काय आहे ते मला माहीत नाही, आणि काहीही निघाला तरी मी त्याच्याशेजारी बसून पाहणार आहे. शेवट तोंडी सांगू नका, तसे तीन ऐकून झाले. आज माळे उघडा, लग्नाच्या कॅसेटींचे खोके उपसा, लेबल नसलेलीही सोडू नका. मिळेल ती उद्या चारच्या आत सभागृहात आणून द्या. दार मी तीनलाच उघडते."