जुना पासवर्ड

प्रिय ताई,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. राग नाही गं हा, किळस आहे.

इस्पितळात नवा नियम आला, सगळ्यांनी पासवर्ड बदलायचे. बदलले, आणि नर्सेसची ओरड सुरू झाली: नवा पासवर्ड ऑफिसात चालतो, वॉर्डात चालत नाही. आमच्या कॉम्प्युटर विभागाचे साहेब म्हणाले, "बायकांना धड टाइप करता येत नाही, दुसरं काय!" म्हणून मी माझाच पासवर्ड बदलून वॉर्डात गेले. नवा टाकला, नकार. सहज जुना टाकला, तर सरळ आत!

सगळ्यांची खाती सांभाळणारे सर्व्हर दोन आहेत. ऑफिसचा एक, वॉर्डाचा दुसरा. पहिल्यावरचा बदल दुसऱ्याकडे आपोआप जायला हवा. आधी वायर तपासली, मग दोन्हींची घड्याळं जुळवून पाहिली. दोष भलतीकडेच निघाला. हे बदल पोचवायला सर्व्हर स्वतः जे खातं वापरतो, त्याचाच पासवर्ड मुदत संपून बाद झाला होता. आणि तोही तुझ्यावर आळ आला त्याच्या कितीतरी आधी!

धावतच साहेबांकडे गेले. ते चहात बिस्किट बुडवत होते. "तुझ्या बहिणीच्या चौकशीच्या आधीच कळलं होतं मला. दुरुस्त कर आणि गप्प बस," म्हणाले, आणि ते भिजलेलं बिस्किट चोखत बसले. तुझा पासवर्ड वॉर्डातल्या डॉक्टरला ठाऊक झाला, म्हणून ड्यूटी संपताना तू ऑफिसातून तो बदललास. तू घरी गेल्यावर वॉर्डातल्या कॉम्प्युटरवरून तुझ्या नावावर दुप्पट डोस नोंदवला गेला. तू रडून सांगत होतीस आणि हाच माणूस चौकशीत छातीठोकपणे म्हणाला, जुना पासवर्ड चालणं शक्यच नाही, हिनंच नवा कुणाला तरी दिला असणार. त्यावर तुला काढलं!

मी गप्प बसले नाही. अधीक्षकबाईंना वॉर्डात नेलं, त्यांच्याच हातानं त्यांचा जुना पासवर्ड टाकायला लावला. तो चालला तसं त्यांनी तिथंच तुझी फाइल मागवली. त्यानंतरच मी दुरुस्ती केली. आता चौकशी पुन्हा होणार आहे, गुरुवारी तुला बोलावतील. तू माझा फोन घेत नाहीस, त्या जागेचं नावही काढू देत नाहीस, म्हणून हे पत्र. परत नोकरी धर, असं मी म्हणणार नाही. हवं तर त्या पायरीवर थुंकून जा. पण ये. साहेबांना तुझ्याकडे बघून बोलावं लागेल, तेव्हा तुझ्या शेजारच्या खुर्चीत मी असेन.

तुझीच,
धाकटी