पहिली निवड व्याह्यांची

३ मार्च, मंगळवार

झाली! चार पिल्लं. आमची कुत्री, राणीसाहेब, सुखरूप.

सकाळपासून तिने चिंध्यांची टोपली उकरून ठेवली होती. मी एका कोटाची बाही जोडत होते. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मशीन तशीच सोडून उठले. माझी दोन बाळंतपणं झालीत, पण दोन्ही वेळा मी कण्हण्यात दंग — बघायला कुठे मिळालं? आज पाहिलं. पहिलं पिल्लू आलं ते ओल्या पिशवीत गुंडाळलेलं, निपचित. तिने दातांनी पिशवी फाडली, नाळ तोडली आणि चाटत सुटली, ते चिरकेपर्यंत. हिची तर पहिलीच खेप. कुणी शिकवलं हिला? मी जमिनीवर फतकल मारून बसले आणि रडले. धाकटी शाळेतून आली तर तिला वाटलं काहीतरी वाईट झालं.

तिघं आईबापांसारखी — करड्या अंगावर काळे शिंतोडे. शेवटची मात्र पांढरीशुभ्र, नखापासून शेपटीपर्यंत.

४ मार्च

व्याह्यांना फोटो पाठवला. व्याही म्हणजे नवरदेव कुत्र्याचे मालक. आमच्या ह्यांनी थट्टेत नाव पाडलं, तेच चिकटलं. बोली आधीच झालीय — नर त्यांचा, म्हणून पिल्लांत पहिली निवड त्यांची. मग आपली.

हा जोडा मीच जमवला. नवरदेवाचे शिंतोडे राणीसाहेबांच्या शिंतोड्यांशी असे जुळले, जसे एकाच ताग्यातून कापलेत. शिंपीणच मी! कापडाला कापड जुळलं की माझा विषय संपला.

संध्याकाळी व्याह्यांचं उत्तर: "पांढरी आमची."

१७ मार्च, मंगळवार

डोळे उघडले. पांढरीचे निळे! "ही कुणाच्या वळणावर गेली?" हे म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले. मी कात्री दाखवली.

२९ मार्च, रविवार

कमाल आहे या पांढऱ्या पोरीची. मी मशीन चालवायला लागले की घरात कुठेही असो, लटपटत येते आणि पायडलपाशी पोट टेकून पडते. मी थांबले की मान वर. पुन्हा पाय मारला की मान खाली. भावंडं मात्र ढिम्म. "हिला आवाजाचं वेड आहे," असं मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. कौतुक थांबत नाही माझं.

हिला द्यायचंय. रोज विसरते. रोज कुणीतरी आठवण करून देतं.

१४ एप्रिल, मंगळवार

पिल्लांना लस टोचायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पांढरीचे डोळे बघितले. मग मुद्दाम स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. तिघं टुणकन उडाली. पांढरी टेबलावर माझ्या बाहीचं बटण चघळत होती. चघळतच राहिली.

"नर कसा होता?"

मी मोबाइलवर फोटो दाखवला, तोही मिरवत. त्यांनी तो मोठा करून पाहिला.

"हा जोडा कुणी जमवला?"

"मी."

"कुणाला विचारलंत?"

नाही विचारलं. कशाला विचारायचं असतं तेच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी समजावलं: हे शिंतोडे एका बाजूने आले तर नुसती शोभा. दोन्ही बाजूंनी आले तर एखाद्या पिल्लाच्या कानांवर येतं, नाहीतर डोळ्यांवर. हिचे कान गेलेत. ती आवाज म्हणून काही ओळखतच नाही.

"अहो पण मशीन लावली की येते ती!"

"फरशी थरथरते ना. पोटाला कळतं तिच्या."

१५ एप्रिल

आज मशीन चालवताना एक हात फरशीला लावून पाहिला. खरंच की. बारीकशी थरथर. इतकी वर्षं या खोलीत शिवतेय, मला कधी जाणवली नव्हती. एवढ्याशा जिवाने जे मिळालं नाही त्याची वाट न बघता दुसरी वाट काढली! आणि हे तिच्यावर आणलं कुणी, तर मी. रंग शोभतो म्हणून.

१६ एप्रिल

आता एकच धास्ती. व्याह्यांनी पांढरीला नेलं आणि पुढे तिचीही पिल्लं काढली तर?

हे म्हणाले, "बहिरी आहे म्हणून सांगून टाक. आपणहून नको म्हणतील."

फोन केला. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "माहीत आहे मला. फोटोत पांढरी दिसली तेव्हाच समजलो. सवड काढून घरी या एकदा."

२६ एप्रिल, रविवार

जाऊन आले. काय लिहू?

व्याही जुने सुतार. घराला लाकडी जमीन, स्वतः ठोकलेली. आत पाय ठेवला तर पांढरीच पांढरी कुत्री. एक खिडकीत, दोन कोचावर, एक पिंपाच्या सावलीत. व्याह्यांनी टाच आपटली. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. त्यातली एक आंधळीही आहे. ती दुसरीच्या खांद्याला नाक लावून चालत आली आणि नेमकी त्यांच्या पायाशी बसली. देवळातसुद्धा मी इतकी गप्प झाले नसेन.

"सगळी नवरदेवाचीच," म्हणाले. "लोकांना जोडा जुळलेला लागतो. मग एखादं असं निघतंच. ते मी उचलून आणतो. टाकलं नाही आजवर कुणाला."

अभिमानाने सांगत होते. मीही विरघळतच होते. मग डोक्यात प्रकाश पडला.

"मग जोडा लावताच कशाला?"

"बाकीची देखणी होतात हो. आणि यांना इथे काय कमी आहे?"

खरंच काही कमी नाही. तेच तर! इतकी माया करतात की थांबायची गरजच वाटत नाही. आंधळीचे कान पुसता पुसता पुढचा जोडा ठरवतील हे.

मी म्हणाले, "दिलेला शब्द मोडत नाही. पांढरी न्या. पण ही शेवटची. नवरदेवाचं ऑपरेशन करून टाका."

व्याह्यांनी आंधळीला जवळ ओढलं. मला दारापर्यंत सोडायलाही उठले नाहीत.

२७ एप्रिल

मोठी शहाणी मी. त्यांना अट घातली आणि पांढरी द्यायचं कबूल करून बसले.

४ मे, सोमवार

पांढरीला मशीनशिवाय राहायची सवय व्हावी म्हणून दोन दिवस मशीन बंद ठेवली. गिऱ्हाइकं खोळंबली. पांढरी आली, पायडलवर हनुवटी टेकली, वाट बघत राहिली. तिच्या धीरापुढे माझं काही चालेना. शेवटी रिकामीच चालवली, सुईत दोरा न ओवता. तिने डोळे मिटले.

तिच्याकडे पाहताना मला आपण फार लहान आहोत असं वाटतं. वाईट नाही वाटत त्याचं.

६ मे, बुधवार

व्याही दारात. पिल्लू न्यायला काही आणलं नव्हतं, सोबत नवरदेव. "पांढरी राहू द्या तुमच्याकडे," म्हणाले. "याला ऑपरेशनसाठी डॉक्टरीणबाईंकडे न्यायचंय. एकट्याचा धीर होईना. येता सोबत?"

मी खुंटीवरून राणीसाहेबांचाही पट्टा काढला.