हौद्यातली हळद

बुधवार, १ मार्च १९४४. पहाटे ५
आजपासून रोजनिशी. कर्जतच्या जत्रेत सत्तावीस तारखेला सहादेवशी कुस्ती. गेल्या साली त्याने मला तीन मिनिटांत चीत केलं, तेही माझ्या शाळेतल्या पोरांसमोर. तेव्हापासून या ड्रिल मास्तरची पाठ वळली की वर्ग हसतो. यंदा सहादेवचा खांदा उखडून हातात देणार. निश्चय : रोज हजार जोर, दोन हजार बैठका, तीन शेर दूध. आणि कुस्तीपर्यंत अंगाला साबण लावायचा नाही. गनीभाई वस्तादांनी तालमीच्या हौद्यात नवी माती टाकून तिच्यात हळद, ताक, तेल कालवलंय. ती ताकद अंगात मुरली पाहिजे.

रविवार, ५ मार्च
जोर चारशे. नवी माती जड आहे.

गुरुवार, ९ मार्च
अन्नावरची वासना उडाली. मळमळ. ट्रेनिंगमध्ये असं होतंच. बायकोने, दीनाने, भाकरीचा आग्रह केला तेव्हा ताट भिरकावलं. दाराची कडी तुटली. ताकद वाढतेय.

शनिवार, ११ मार्च
दीना म्हणते, अहो, तुमचे डोळे पिवळे दिसतात. बायकांना तालमीतलं काय कळतं? हळद डोळ्यांत जाते. अंगही झकास पिवळं झालंय. लघवी काळ्या चहासारखी, म्हणजे गरमी बाहेर पडतेय. शौचाला पांढुरकं. तीन शेर दूध पिणाऱ्याला दुसरं काय होणार?

सोमवार, १३ मार्च
दीनाने तिच्या भावाला बोलावलं. अब्राहाम. दवाखान्यात कंपाउंडर आहे, पण ऐट सिव्हिल सर्जनची. माझी लघवी बाटलीत घेऊन हलवली. फेस पिवळा आला. म्हणाला, कावीळ. मग लेक्चर. रक्त जुनं होऊन मोडतं, त्यातून पिवळा रंग निघतो. लिव्हर तो पित्तात घालून आतड्यात सोडतं. तुमची ती वाट तुंबलीय, म्हणून रंग रक्तात पसरला. लघवीत उतरला, आतड्यात पोचला नाही, म्हणून तिकडे पांढरं.
"दाजी, कुस्ती सोडा. जिवावर बेतंल."
डाव्या डोळ्याखाली एकच ठोसा दिला. आडवा झाला. बाटली फुटली. पुरावा संपला.

गुरुवार, १६ मार्च
खाज. दिवसरात्र खाज. ओरबाडून पाठीतून रक्त काढलं. तेलात भेसळ असणार, म्हणून तेलवाल्याला दुकानातून ओढून भर बाजारात बडवलं. नंतर कळलं, गनीभाई तेच तेल लावतात आणि त्यांना खाज नाही. त्यांची कातडी जाड आहे.
शाळेत एका मुलाने 'पिवळा मास्तर' म्हटलं. कोणी ते कळलं नाही, म्हणून अख्ख्या रांगेला छड्या.

बुधवार, २२ मार्च
अब्राहाम पुन्हा आला. निलाजरा. त्याच्या डोळ्याखाली आधी जांभळं होतं, मग हिरवं झालं, आज पिवळं. बरा सापडला. म्हटलं, आता तुलाही कावीळ काय रे? तर म्हणतो, रंग त्याच जातीचा हाय, दाजी. तुमच्या ठोशानं साकळलेलं रक्त मोडतंय. माझा आठ दिवसांत जाईल. तुमचा सगळ्या अंगात हाय.
दुसरा डोळा फोडायला हात उचलला तेवढ्यात भोवळ आली. मुद्दामच खाली बसलो. दीना पदर तोंडाशी धरून रडत होती. सत्तावीस तारीख होऊन जाऊ दे, मग तिची समजूत काढीन.

रविवार, २६ मार्च
जोर अकरा. शक्ती राखून ठेवतोय.
गनीभाई विचारत होते, मूठभर हळद टाकली, वीस जण त्या मातीत लोळतात, मग एकटे तुमीच पिवळे कसे? सांगितलं, बाकीचे कामचुकार आहेत. ते माती उकरायला गेले. पटलं असावं.
उद्याचा बेत : पहिल्या मिनिटाला सहादेवची मान, दुसऱ्याला कणा. तिसरं मिनिट लागायचं नाही.

सोमवार, २७ मार्च
सहादेवने सलामीला हात मिळवला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हात सोडून दिला.
"मास्तर, आजारी मानसाला मी पाडत न्हाई."
त्याच्या तोंडावर गुद्दा हाणला. ओठ फुटला, रक्त आलं. त्याने उलट मारलं नाही. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. दुसरा गुद्दा हाणायला गेलो तो मीच पालथा मातीत. त्याने मला खांद्यावर घेतलं आणि गर्दीतून थेट बैलगाडीत नेऊन ठेवलं. लोकांना वाटलं नवा डाव आहे. टाळ्या पडल्या. कोणाचीच पाठ लागली नाही, म्हणजे निकाल : बरोबरी.

गुरुवार, ३० मार्च. दवाखाना
दीनाने साबण लावून अंघोळ घातली. पहिलं पाणी लाल, दुसरं गढूळ, चौथं अगदी स्वच्छ. विचारलं, गेली का हळद? तिने आरसा समोर धरला.
अब्राहाम थर्मामीटर घेऊन आला. त्याच्या डोळ्याखाली आता काहीच नाही. मी विचारलं, "मी मरणार नाही ना रे?" तो म्हणाला, आधी गप पडून राहा, दाजी. त्याने मला उसाच्या रसाचा पेला पाजला. पेला मला धरता येत नव्हता.
जोर शून्य. निश्चय : यापुढे कोणावर मूठ वळायची नाही. तशीही ती वळत नाही.