स्टेनलेसचे तीन पत्रे

९ मार्च २०२५, रविवार

वितळला! अख्खा पत्रा वितळला!

मी सगळ्यांसमोर छाती फुगवून म्हणाले होते — घाला आगीत, काही होत नाही त्याला. फितोने बरगड्या भाजायला निखारे पसरले होते, त्यातच खाली सरकवला. तासाभराने चिमट्याने ओढायला गेले तर नुसता एक चकचकीत गोळा. अॅल्युमिनियम! चाळीस वर्षं कुलपं-किल्ल्या करतेय मी, सान एलादिओतली निम्मी दारं माझ्या हातून गेलीत, आणि एवढं कळू नये?

फितो माझा धाकटा भाऊ, पण टोमणे थोरल्यासारखे मारतो. "ताई, तुझे बिटकॉइन छान खरपूस झालेत. मीठ टाकू का वरून?" सगळे हसले. मीही हसले, करते काय.

बरं झालं, बिटकॉइनचं खातं ज्या शब्दांनी उघडतं ते पत्र्यावर नव्हते, खोटेच ठोकले होते. खरे अजून कागदावर आहेत, पिठाच्या डब्यात. बरगड्या मात्र झकास झाल्या होत्या.

१० मार्च

यानिनाचा फोन, रोसारिओहून. म्हणे, "आई, सरळ बँकेत लॉकर घे ना!" मी फोन आपटला.

११ मार्च

फोन आपटायला नको होता. सातवा महिना चालू आहे पोरीचा.

पण तिला काय माहीत? बाबांनी आयुष्यभराचे डॉलर बिस्किटांच्या डब्यात घालून अंगणात लिंबाखाली पुरले. नऊ वर्षांनी उकरले तेव्हा आत हिरवा लगदा! बाबा त्या डब्याशेजारी जमिनीवरच बसले, संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मग मी शहाणी झाले — बँकेत ठेवले. २००१ साली सरकारने सगळ्यांच्या ठेवी गोठवल्या, बँकेने शटर ओढलं, आणि मी बाहेर रस्त्यावर गावाबरोबर निषेधाचं पातेलं बडवत उभी. पातेलं चेपलं, पैसे काही आले नाहीत.

म्हणून हे. ना जमिनीत, ना बँकेत. चोवीस शब्द. ज्याच्या हाती शब्द, त्याचे पैसे. आणि शब्द हरवले तर मग ब्रह्मदेवसुद्धा परत देऊ शकत नाही!

मे महिन्यात नात होईल. तिने पंचविसाव्या वर्षी हे उघडावं असं माझ्या मनात आहे. तेव्हा मी असले तर सत्त्याऐंशीची असेन. म्हणजे पत्रा माझ्यापेक्षा टिकाऊ हवा.

१८ मार्च, मंगळवार

डेअरीच्या भंगारातून दुधाच्या टाकीचं स्टेनलेस आणलं. आधी निखाऱ्यात तासभर, मग खारट पाण्यात चार दिवस. नुसतं काळवंडलं, अक्षरं जशीच्या तशी. हा माल खरा!

आता ठोकणं. पोलादी ठसा धरायचा, हातोडा घालायचा, एक अक्षर. चुकलं की खोडता येत नाही. शब्द ठरलेल्या यादीतले, पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतात, म्हणून वाचले.

तीन पत्रे करतेय. पहिल्यावर एक ते सोळा शब्द, दुसऱ्यावर नऊ ते चोवीस, तिसऱ्यावर पहिले आठ आणि शेवटचे आठ. कुठलेही दोन शेजारी ठेवले की चोवीस पूर्ण. एकटा पत्रा कुणाच्या हाती लागला तरी उपयोग शून्य. एक जळाला, चोरीला गेला, तरी पोरीचं नुकसान नाही.

युक्ती माझी नाही, ऐकलेली. पण ठोकलं मीच. अंगठा निळा झालाय.

३ एप्रिल, गुरुवार

एक पत्रा माझ्याकडे. उरलेले दोन कुणाला द्यायचे? दोन दिवस डोकं खाल्लं ह्या प्रश्नाने.

दोन मित्रांना दिले तर? ह्या गावात माते, आमचा कडू चहा, पीत बसलं की दुसऱ्या किटलीपर्यंत कुणाच्या पोटात काही राहत नाही. "तुझ्यावर काय लिहिलंय गं? माझ्यावर हे." झालं, जमले चोवीस!

आज दुकान बंद करताना उत्तर सापडलं आणि मी एकटीच मोठ्याने हसले. दोन मित्र नकोतच. दोन वैरी हवेत! दोघंही माझ्या विश्वासाचे, पण ज्यांच्यातून विस्तव जात नाही असे.

फितो आणि डेलिया!

डेलिया माझी शाळेपासूनची मैत्रीण, फार्मसी चालवते. १९९८ साली पत्त्यांच्या त्रुकोत ती आणि फितो जोडीदार होते. अंतिम सामना, बक्षीस एक कोकरू. त्रुकोत जोडीदाराला चेहऱ्याने खूण करायची असते. फितोने भुवया उडवल्या, म्हणजे तलवारीचा एक्का, सगळ्यात मोठं पान, माझ्याकडे. डेलियाने बेधडक डाव वाढवला. आणि एक्का नव्हताच, कोकरू गेलं! फितो अजून शपथेवर सांगतो — कपाळावर माशी बसली होती. डेलिया म्हणते, अख्ख्या गावाने पाहिलं, माशी नव्हती. सत्तावीस वर्षं झाली. दोघं एका फुटपाथवरून चालत नाहीत.

यांच्याइतकी भक्कम तिजोरी जगात कुणाकडे आहे?

५ एप्रिल, शनिवार

फितो — "तिच्याकडे दुसरा? मग माझा मी शवपेटीत बरोबर नेतो!"

डेलिया — "त्याच्याकडे? मिर्ता, तो माणूस एक एक्का सांभाळू शकला नाही!"

दोघांनीही घेतला. एकमेकांवर नजर ठेवायला मिळतेय, सोडतील कसे!

१३ एप्रिल, रविवार

रंगीत तालीम केली. नुसते पत्रे देऊन भागत नाही. पंचवीस वर्षांनी यांना किंवा यांच्यामागे राहील त्याला उघडता आलं पाहिजे. म्हणून एक रिकामं खातं बनवलं, त्याचे वेगळे चोवीस शब्द दोघांना वाटून दिले, आणि काय-कसं करायचं ते माझ्या सुवाच्य अक्षरात दीड पानभर. मी बाजूला बसले, तोंड बंद. बघू जमतं का.

दोघं स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून बसले.

"ह्याला सांग, नववा शब्द वाचायचा आहे."

"तिला सांग, मला ऐकू येतं. बहिरा नाही मी."

"मग एकदाच नीट वाच म्हणावं. खुणा नकोत!"

"ताई, मी चाललो!"

मी माते फिरवत राहिले. आमच्याकडे मातेचा पेला आला की घ्यावाच लागतो, वैर असो नसो. फितोने पिऊन माझ्याकडे दिला, मी भरून डेलियाला. तिने सगळ्यांनी ओढायच्या त्या एकाच नळीकडे पाहिलं, हातरुमालाने पुसली, मग प्यायली. पुढच्या फेरीला पुसायची विसरली.

पावणेदोन तास लागले. पण उघडलं! डेलिया ओरडली, "निघालं!" आणि चुकून फितोकडे बघून हसली. लगेच तोंड फिरवलं म्हणा.

मी दोघांकडून शपथ घेतली. खरे पत्रे २०५० पर्यंत जोडायचे नाहीत. मी मेले तरी नाही.

१४ एप्रिल

पिठाच्या डब्यातला कागद जाळला.

२१ मे, बुधवार

आली! आम्पारो! तीन किलो दोनशे, आणि आवाज असा की रोसारिओचं अख्खं इस्पितळ जागं केलं.

यानिनाने माझ्याकडून एक वचन घेतलं. मी दिवसातून दहादा फोनवर त्या खात्यात डोकावते, भाव पडला की माझं तोंड पडतं. नुसतं बघता येतं मला, दुसऱ्या पत्र्याशिवाय हात लावता येत नाही, तरी बघतेच. ती म्हणाली, "आई, वर्षभर बघायचं नाही. बाळाकडे बघायचं." आणि फोनवरून ते काढूनच टाकलं! मी चिडले. मग बाळाने माझं बोट धरलं. बरं, वर्षभर तर वर्षभर.

२ ऑगस्ट, शनिवार

बघितलं नाही. आज कुणी शाबासकीसुद्धा दिली नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काय गारा! लिंबाएवढ्या! दुकानाची पाटी गेली, डेलियाच्या फार्मसीचं मागचं छप्पर चाळणीसारखं झालं. आणि चौकातल्या शंभर माणसांनी पाहिलं — फितो डोक्यावर कपडे धुवायचा टब धरून गारांतून धावतोय, डेलियाच्या घराकडे!

नंतर विचारलं तर म्हणतो, "पत्रा वाचवायला गेलो होतो."

अरे गाढवा, निखाऱ्यात तासभर टिकलेलं स्टेनलेस ते, गारांनी काय होणार होतं त्याला! हसून हसून पोटात दुखलं. पण मनात म्हटलं, राखणदार असावा तर असा.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

शेजारची बाई सांगत होती, तुझा भाऊ रोज फार्मसीत दिसतो. घाबरले. रक्तदाब असणार, बाबांनाही होता. विचारलं तर कानावर हात. पुरुषांना आजार सांगायची लाज वाटते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

फितोने मोटरसायकल विकली. ती लाल! बायको गेली तेव्हासुद्धा जिच्या अंगावर कधी धूळ बसू दिली नाही ती! "का रे?" "लागत होते पैसे." कशाला ते सांगेना. मी देऊ केले, घेतले नाहीत. आजार मोठा आहे की काय?

१२ मे, मंगळवार

दुपारी डेलिया दुकानात आली. "एक किल्ली करून दे गं ह्याच्यासारखी." मी यंत्रात लावायला हातात घेतली आणि ओळखली. माणूस चेहरा विसरेल, मी माझ्या हातची किल्ली विसरत नाही. तिसऱ्या दातावर खाच. फितोच्या पुढच्या दाराची! अकरा वर्षांपूर्वी मीच केलेली.

किल्ली कापून दिली. पैसे घेतले नाहीत, तर म्हणे, "आज काय झालंय तुला?"

डेलियाकडे फितोच्या घराची किल्ली! म्हणजे रोज फार्मसी... म्हणजे गारा... आणि मी रक्तदाब समजत बसले! सगळ्या गावाला दिसलं असेल, एकटी मी आंधळी.

आनंद झाला का? झाला. अगदी खरं लिहायचं तर आधी आनंदच झाला. दोघंही एकटी होती. आणि मग आठवलं. दोन पत्रे. एका छपराखाली. आणि माझा भाऊ, ज्याने मोटरसायकल विकली, पैसे कशाला हवेत ते सांगत नाही.

१३ मे

छे! फितो? तो माझ्या डब्यातलं बिस्किटसुद्धा न विचारता घेणार नाही. डेलियाने उभ्या जन्मात औषधाला एक पैसा जास्त लावला नाही.

१४ मे

पण बाबांनासुद्धा त्या डब्याबद्दल खात्री होती.

माझा हिशेब वैरावर होता. वैर टिकलं नाही, एवढंच खरं. मी आगीची परीक्षा घेतली, मिठाची घेतली, माशी आणि भुवईचं भांडण मात्र टिकेलच असं धरून चालले! आता एकच उपाय. नवे चोवीस शब्द, नवे पत्रे, पैसे तिकडे हलवायचे. त्यासाठी जुनं खातं उघडावं लागेल, म्हणजे त्यांच्यापैकी एकाचा पत्रा मागावा लागेल. काय सांगून मागू? "तुम्ही सुखी झालात म्हणून मला तुमचा भरवसा वाटत नाही"?

माझीच मला शरम वाटली. तरी डेअरीतून नवं स्टेनलेस आणलं.

१६ मे, शनिवार

आधी आहे तेवढं जाग्यावर आहे का ते बघायला हवं. वचनाच्या वर्षाला पाच दिवस कमी आहेत. यानिनाला फोन केला, खोटं सांगितलं की नुसती उत्सुकता आहे. तिने ते परत फोनवर घालायला शिकवलं. मागे आम्पारो भांडी बडवत होती.

अजून उघडलेलं नाही. आधी जेवते.

१७ मे, रविवार

घरफोडी झाली आहे. सात वेळा, ऑक्टोबरपासून दर महिन्याला एकदा.

दर वेळी चोर आम्पारोच्या खात्यात थोडे थोडे पैसे ठेवून गेलाय. मार्चमध्ये एकदम मोठी रक्कम, मोटरसायकलएवढी. त्या खात्यात पैसे टाकायचा पत्ता माझ्याखेरीज फक्त दोन पत्रे शेजारी ठेवणाऱ्याला कळतो.

त्यांना सांगणार नाही की मला माहीत आहे. स्टेनलेस डेअरीला परत केलं.