शिन्गोच्या गाडीची बर्फाची चाकं

मी, उमेत्सु फुमिए, वय शहात्तर, कै. उमेत्सु कोसाकु यांची पत्नी, राहणार शिमोसावा, यामागाता प्रांत, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्या स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही, पण कायदा पोटाची चौकशी करत नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही की धाक दाखवलेला नाही. उलट माझी मुलगी चिझुरु "आई, असलं काही लिहीत बसू नकोस, मला बघवत नाही" म्हणून रोज माझ्या हातातलं पेन काढून घेते.

योनेझावाच्या वकीलबाईंनी सांगितलं की सगळं आपल्या अक्षरात हवं, खाली तारीख, सही आणि शिक्का. खाडाखोड केली तर कुठे केली ते लिहून तिथेही सही-शिक्का. साक्षीदार लागत नाहीत म्हणाल्या. मला मात्र दोन माणसं समोर हवीत, म्हणून गॅरेजवाले कान्नो आणि शेजारच्या होशीबाई यांना मी शनिवारी दुपारी चहाला बोलावलं आहे.

डॉक्टरांनी स्वादुपिंडाचं निदान केलं आहे. चिझुरुला बाहेर बोलावून ते म्हणाले, "सफरचंदाचा मोहर काही त्यांना दिसेलसं वाटत नाही." दार नीट लागलं नव्हतं. माझा मुलगा शिन्गो कावासाकीला असतो, त्याला मी यातलं काहीही कळू दिलेलं नाही. का, ते पुढे येईल.

कलम पहिलं. राहतं घर, त्यामागची शेड आणि सफरचंदाची बाग चिझुरुला. ती नागाईला सासरी असली तरी गेली पाच वर्षं छपरावरचं बर्फ तीच येऊन उतरवते आणि सध्या माझ्यापाशीच राहते. ओढ्याकाठची तीन झाडं म्हातारी झाली आहेत, पण ती तोडू नयेत. त्यांना फळ कमी येतं आणि गोड येतं.

कलम दुसरं. बँकेत जे असेल त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च व्हावा आणि उरेल ते शिन्गोला. जेवण साधं ठेवावं. मोठ्या नणंदेनं कोसाकुच्या वेळी "सुशी कुठून मागवली, भात वाळलाय" असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. या वेळी तिला फक्त नूडल्स द्याव्यात.

कलम तिसरं. पांढरा छोटा ट्रक चिझुरुला. कोसाकुची पिवळी टोपी कोणी फेकू नये, ती माझ्याबरोबर जाऊ द्यावी.

ही टोपी त्यांच्या नोकरीची. माझे यजमान एकतीस हिवाळे घाटरस्त्यावरचं बर्फ लोटायचं यंत्र चालवत होते. गाव उठायच्या आत रस्ता मोकळा करून ते न्याहारीला घरी यायचे आणि भुवयांवरचं बर्फ मिसोच्या सूपमध्ये ठिबकायचं. या खोऱ्यातली बाळंतीण असो, प्रेत असो, नवरी असो, सगळी त्यांनी उघडलेल्या रस्त्यानं गेली. त्यांची स्वतःची जायची वेळ मात्र नोव्हेंबरात आली, आणि नोव्हेंबरात यंत्रं अजून डेपोत असतात.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या छातीत कळ आली, आम्ही इस्पितळात नेलं आणि चिझुरुनं शिन्गोला फोन केला. शेवटची आगगाडी सुटून गेली होती, म्हणून तो स्वतःच्या गाडीनं निघाला. ही गाडी म्हणजे निळी, दोन दारांची, बुटकी, पाठीवर पंख असलेली. तिच्यासाठी त्यानं लग्न लांबवलं आणि मग ते राहूनच गेलं. गाडीची चारही चाकं ओढतात, त्यामुळे बर्फाचं काय भय, असं कावासाकीच्या लोकांना वाटतं. चारही चाकं ओढतात तशी चारही चाकं घसरतात, हे बर्फयंत्र चालवणाऱ्याच्या मुलाला कळू नये, यालाच दिव्याखाली अंधार म्हणतात. त्या रात्री अवेळी बर्फ पडलं. फुकुशिमापाशी महामार्गावरच्या तपासणीवाल्यांनी त्याला अडवलं आणि "बर्फाचे टायर नाहीत, महामार्गावरून खाली उतरा" म्हणाले. तो जुन्या घाटरस्त्यानं निघाला आणि तिसऱ्या वळणावर नाकानं बर्फात शिरला.

इकडे कोसाकु विचारत होते, "शिन्गो कुठवर आला?" चिझुरु म्हणाली, "घाट ओलांडला, बाबा. आलाच." त्यांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. उजाडताना ते गेले. शिन्गो पोचला तेव्हा त्यांचा चेहरा झाकलेला होता.

तो उदबत्ती लावायला वाकला तेव्हा चिझुरु सगळ्यांसमोर म्हणाली, "काय रे, तासाला अडीचशेनं पळते ना तुझी गाडी? मग बाबांना ताटकळत का ठेवलंस?" त्यानं उदबत्ती लावली आणि मागे सरला. तेव्हापासून भाऊबहीण बोलत नाहीत. शिन्गो ऑगस्टात पितरांच्या दिवसांत एका रात्रीपुरता येतो आणि चिझुरु तो यायच्या आत परत जाते. हिवाळ्यात तो कधीच आला नाही. मी दोघांनाही दोष देत नाही, पण मला त्याचं फार दुःख आहे आणि ते इथे लिहून ठेवते.

कलम चौथं. शेडमधल्या उजव्या कोपऱ्यातली सतरा इंची चार चाकं महामार्गालगतच्या जुन्या सामानाच्या दुकानाचे मालक ताकिगुचि यांना परत द्यावीत. यजमान गेल्यानंतरच्या वर्षी मी ठरवलं की शिन्गोच्या गाडीला बर्फाची चाकं घ्यायची आणि ती इथे, माझ्याकडे ठेवायची. त्याच्या फ्लॅटमध्ये छत्री ठेवायलाही जागा नाही. म्हणजे बर्फाआधी चढवायला आणि बर्फानंतर उतरवायला, असं वर्षातून दोनदा त्याला यावंच लागेल. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ताकिगुचि म्हणाला, "आजी, लहान रिम घ्या, स्वस्त पडतं. डोळे झाकून बसेल." ऑगस्टात शिन्गो जेवून आडवा झाला तेव्हा कान्नोनं हळूच जॅक लावून एक चाक चढवून पाहिलं. ते ब्रेकवर जाऊन अडकलं. असल्या गाडीचे ब्रेक एवढे मोठे असतात की लहान रिम त्यांच्यावर बसतच नाही. ताकिगुचिनं त्यातलं एक चाक आपल्या दुकानाच्या दारात टांगावं आणि येता-जाता त्याकडे बघावं, ही माझी इच्छा आहे.

कलम पाचवं. वरीलप्रमाणे फजिती झाल्यावर मी सफरचंदाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्या ब्रेकचा आकार काढून घेतला. तो पुठ्ठा कान्नोला आठवण म्हणून द्यावा. त्याला तो इतका आवडतो की गिऱ्हाइकांना दाखवतो.

कलम सहावं. शेडमधल्या डाव्या कोपऱ्यातली अठरा इंची चार चाकं, टायरसकट, शिन्गोला. ती कशी निवडली ते सांगते, कारण त्यानं कधी विचारलं नाही. उन्हाळ्यात तो एकोणीस इंची रुंद चाकं वापरतो. बर्फात रुंद टायर वर तरंगतो आणि अरुंद टायर खाली रुतून पकड घेतो, म्हणून ही एका मापानं अरुंद आहेत. रिम लहान असली तरी टायरची कड उंच घेतली आहे, त्यामुळे चाकाची एकूण उंची तीच राहते आणि गोठलेल्या खड्ड्यांत रिम वाचते. बारीक काड्यांची रिम दिसायला देखणी होती, पण काड्यांत बर्फ भरलं की चाक थडथडतं, म्हणून पाच जाड काड्यांची घेतली. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ तिच्यावरून घासायला ब्रशही आत जातो. टायरवरून मात्र कान्नोचं आणि माझं वाजलं.

तो म्हणाला, "काकू, ही वेगाची गाडी आहे. कोरड्या रस्त्यावरही नीट पळेल असा जरा कडक टायर घ्या. अगदी मऊ घेतलात तर शिन्गो म्हणेल, टोफूवर बसवलंय मला."

मी म्हटलं, "म्हणू दे. घाटात बर्फ असतं की टोफू?"

"पण वेग कमी करावा लागेल त्याला."

"मला तो वेगानं यायला नकोच आहे. नुसता यायला हवा आहे."

मग सगळ्यांत मऊ घेतला.

चाकं आडवी एकावर एक रचून, हवा थोडी कमी करून, कोसाकुच्या जुन्या कोटाच्या शिवलेल्या खोळी घालून ठेवली आहेत. दर वर्षी ऑक्टोबरात मी फोन करते. यंदाही केला.

"टायर बदलायला कधी येतोस?"

"आई, यंदा कामाचा डोंगर आहे. नंतर बघतो ना."

"नंतर म्हणजे?"

"उन्हाळ्यात येतोच आहे की."

"उन्हाळ्यात बर्फाचे टायर लावतोस? आता मेंढा झालास की काय, उन्हाळ्यात लोकर घालायला?"

तो हसला आणि फोन ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी. आजाराचं सांगितलं असतं तर तो त्या क्षणी निघाला असता, हे मला माहीत आहे. पण मग तो पुन्हा तसाच, तसल्या टायरवर, एखाद्या मरणाच्या मागे धावत घाट चढला असता. एकदा पुरे झालं. त्यानं टायर बदलायला यावं, मी भाजलेलं रताळं पुढे ठेवावं आणि बोलता बोलता सांगावं, असं माझ्या मनात होतं.

रबर न वापरताही कडक होतं. पहिले टायर एकदाही रस्त्याला न लागता कडक झाले. कान्नोनं कडकपणा मोजायची सुई टोचून पाहिलं आणि मान हलवली. म्हणून यंदा त्याच रिमांवर मी पुन्हा नवे चढवून घेतले. "काकू, कशासाठी?" असं त्यानं विचारलं नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

ही चाकं शिन्गोला देताना माझी अट अशी की ती त्यानं कावासाकीला नेऊन ठेवू नयेत. ती चिझुरुच्या शेडमध्ये राहतील. नोव्हेंबरात त्यानं तिथे जाऊन ती चढवावीत, एप्रिलमध्ये तिथेच उतरवावीत. चिझुरुनं त्याला दोन्ही वेळा जेवू घालावं. एकमेकांशी बोलावंच अशी अट मी घालत नाही. पण एका माणसानं जॅक धरल्यावर दुसऱ्याला "धर", "सोड" एवढं तरी म्हणावंच लागतं.

कलम सातवं. यापलीकडे जे काही किरकोळ असेल, लोणच्याच्या बरण्या, फावडी, माझे दोन किमोनो, ते चिझुरुनं तिला योग्य वाटेल तसं वाटावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

साक्षीदारांसमोर वाचून दाखवायला बसले असताना जे घडलं ते खाली जोडत आहे.

होशीबाई चहा पीत होत्या. कान्नो कलम सहावं ऐकताना सारखा खिडकीबाहेर बघत होता. तेवढ्यात फोन वाजला. चिझुरु होती. सकाळी ती "कोबी आणायला ट्रक नेते" म्हणून गेली होती.

"आई, त्या चाकांचे नट कुठे आहेत?"

"कुठल्या चाकांचे?"

"कुठल्या म्हणजे? त्याच्या! इथे जॅक लावून बसलोय आम्ही आणि नटांचा पत्ता नाही."

मी कान्नोकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी फक्त ट्रकवर चढवायला हात दिला, काकू. तिनं शप्पथ घातली होती."

"तू कावासाकीला आहेस?" मी विचारलं.

"हो. त्याचं तोंड बघायला नाही आले. चाकं घालायची आणि परत फिरायचं म्हणून आले." मग तिचा आवाज खाली आला. "तू गेल्यावर ही चाकं माझ्या शेडमध्ये मला दर वेळी दिसली असती, आई. मी काय केलं असतं?"

मी सांगितलं, शेडमध्ये गंजतील म्हणून नट बाबांच्या देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेत. मग तिच्या मागून एक आवाज आला, "आता?" आणि चिझुरु खेकसली, "आता काय, जा, बाजारातून घेऊन ये! निमुळत्या तोंडाचे, गोल नकोत! एवढंही सांगावं लागतं का?"

ते दोन आवाज पाच वर्षांनी मी एका ठिकाणी ऐकले. होशीबाईंनी माझा हात धरला.

मग शिन्गो फोनवर आला. "आई, या टायरवर यंदाची तारीख आहे. तू तर चार वर्षांपूर्वी घेतलेस म्हणाली होतीस."

"ते कडक झाले."

"न वापरता?"

"न वापरता."

नाक ओढल्याचा आवाज मला आला. मग तो म्हणाला, "ताई म्हणते, तुला काहीतरी सांगायचंय."

"घरी आलास की सांगेन. उद्या घाटावर बर्फ सांगितलंय. सावकाश ये."

"टोफूवर बसल्यासारखं वाटणार आहे, नाही?"

"हो," मी म्हटलं.

दुरुस्ती. कलम सहावं, पहिली ओळ, "चार चाकं, टायरसकट, शिन्गोला" हे शब्द मी खोडले आहेत, कारण ती वस्तू आता माझ्याकडे नाही. ज्याची होती त्याला माझ्या हयातीतच पोचली. चाकं चिझुरुच्या शेडमध्ये ठेवावीत आणि एप्रिलमध्ये तिथे जाऊन उतरवावीत, ही अट मात्र खोडलेली नाही. एप्रिलमध्ये मी नसेन. तेव्हा ती दोघांनी मिळून उतरवावीत.

सही व शिक्का: उमेत्सु फुमिए
दुरुस्तीपुरती पुन्हा सही व शिक्का: उमेत्सु फुमिए

समक्ष:
कान्नो एइजि, गॅरेजमालक, शिमोसावा
होशी किनुए, शेजारीण, शिमोसावा

ठिकाण: शिमोसावा, स्वयंपाकघर
तारीख: हेइसेई ३० (इ. स. २०१८), नोव्हेंबर १७